क्रॅनबेरी कोणी खावी, किती खावी, कधी खाऊ नये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाच्या दुकानात काउंटरपलीकडून, आणि दुकान बंद झाल्यावर फोनवर, क्रॅनबेरीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत बहुतेक बायका असतात आणि बहुतेकींचा मूळ प्रश्न लघवीच्या जळजळीचा असतो. तुम्हाला आत्ता, आज त्रास होत असेल तर बाकीचं राहू द्या, आधी प्रश्न ५ वाचा.

१. क्रॅनबेरी हे नेमकं कुठलं फळ? आपल्याकडे पिकतं का?

हे मूळचं उत्तर अमेरिकेचं फळ. शास्त्रीय नाव व्हॅक्सिनियम मॅक्रोकार्पन, म्हणजे ब्लूबेरीचं जवळचं नातलग. अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये, तर कॅनडात क्यूबेकमध्ये त्याची मोठी लागवड आहे. वेल जमिनीलगत पसरते, तिला आम्लधर्मी, ओलसर जमीन आणि कडक हिवाळा लागतो, त्यामुळे आपल्या हवेत हे पीक येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर काढणी चालते. शेतात पाणी सोडतात, फळात हवेच्या पोकळ्या असल्याने ते तरंगून वर येतं आणि मग गोळा करतात.

ताजं फळ इतकं आंबट-तुरट असतं की नुसतं खाववत नाही. म्हणून सुकवताना किंवा रस काढताना त्यात साखर घालतात. पुढच्या काही प्रश्नांचं मूळ या साखरेत आहे.

२. करवंद म्हणजेच ‘इंडियन क्रॅनबेरी’ ना? मग महागडं कशाला घ्यायचं?

नाही, ही दोन वेगळी फळं आहेत. करवंद कण्हेरीच्या कुळातलं, तोडलं की पांढरा चीक येतो. क्रॅनबेरीला चीक नसतो आणि तिचं कूळही वेगळं. रंग आणि आंबटपणा यापलीकडे दोघींत फारसं साम्य नाही.

एप्रिल-मे महिन्यांत मुळशी, वेल्हे, भोरकडच्या बायका पाटीत काळीभोर करवंदं घेऊन पुणे शहरात येतात. ती जरूर घ्या, पोटभर खा. मला स्वतःला क्रॅनबेरीपेक्षा करवंद कधीही प्रिय. पण लघवीच्या जंतुसंसर्गावर जे अभ्यास झाले ते क्रॅनबेरीवर. त्यांचे निष्कर्ष करवंदाला लावता येत नाहीत. कोकम आणि आवळ्याचंही तसंच.

३. रविवार पेठेतून सुट्टी ‘क्रॅनबेरी’ आणली, खूप स्वस्त मिळाली. खरी असेल का?

शंका घ्यायला जागा आहे. पाकात मुरवून लाल रंग दिलेली करवंदं बाजारात क्रॅनबेरी म्हणूनही विकली जातात. बेकरीतल्या केकवर जी लालचुटूक ‘चेरी’ असते, तीसुद्धा बरेचदा करवंदच असते.

सुट्ट्या मालाची खात्री घरी करणं अवघड. पाकीट असेल तर घटकांची यादी वाचा. खऱ्या सुक्या क्रॅनबेरीत साधारण तीनच गोष्टी असतात: क्रॅनबेरी, साखर (किंवा सफरचंदाचा आटवलेला रस) आणि थोडं सूर्यफूल तेल, फळं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. यादीत ‘करौंदा’ किंवा ‘कॅरिसा’ लिहिलं असेल तर प्रश्नच मिटला. आयएनएस १२२, १२४ किंवा १२७ असे आकडे दिसले तर तो वरून घातलेला लाल रंग आहे. क्रॅनबेरीला वरून रंग द्यावा लागत नाही, तिचा स्वतःचा गडद, थोडा तपकिरीकडे झुकणारा लाल असतो. दाणा आडवा कापून पाहा: आत बारीक, मऊ, खाताना जाणवणारही नाहीत अशा बिया असतात. करवंदाची बी मोठी, चपटी असते, किंवा ती काढल्याची पोकळी दिसते.

४. लघवीच्या इन्फेक्शनवर ती खरंच चालते का, की नुसती जाहिरात?

चालते, पण एका ठरावीक कामासाठी आणि ठरावीक लोकांना. काम आहे पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग *टाळण्याचं*. झालेला संसर्ग *बरा करण्याचं* नाही. हा फरक जाहिरातीत पुसला जातो आणि त्यापायी बायकांचे हकनाक हाल होतात, म्हणून ठासून सांगते.

लघवीच्या साध्या संसर्गामागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातलाच जिवाणू असतो. तो आपल्या अंगावरच्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. क्रॅनबेरीत ‘ए’ प्रकारची प्रोअँथोसायनिडिन्स असतात, पाकिटावर त्यांना पीएसी म्हणतात. प्रयोगशाळेत दिसलं आहे की त्यांच्यामुळे जिवाणूची ही पकड ढिली पडते. जिवाणू मरत नाही, त्याला चिकटायला जमत नाही इतकंच. एकदा तो चिकटून वाढला, सूज आली, की या युक्तीचा उपयोग उरत नाही. प्रतिबंध आणि उपचार यांतला फरक इथून येतो. ‘क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात’ हे जुनं स्पष्टीकरण आता मागे पडलं आहे.

पुराव्याचं म्हणाल तर २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) ठोस फायदा दिसला नव्हता. २०२३ च्या नव्या आढाव्यात ५० अभ्यास आणि ८,८५७ माणसं होती, आणि चित्र बदललं. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. मुलांमध्ये ५४ टक्क्यांनी, आणि काही वैद्यकीय उपचारांमुळे संसर्गाचा धोका वाढलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. वृद्धाश्रमातली वयस्क मंडळी, गरोदर स्त्रिया आणि मज्जासंस्थेच्या विकारामुळे मूत्राशय नीट रिकामं न होणारे प्रौढ, यांच्यात मात्र फायदा दिसला नाही.

२६ टक्के म्हणजे किती? समजा १०० जणींपैकी ४० जणींना वर्षभरात पुन्हा संसर्ग होणार होता, तर क्रॅनबेरी घेऊन तो साधारण ३० जणींना होईल. दहा जणी वाचल्या ही चांगली गोष्ट आहे. पण तिसांना तरीही होणारच आहे.

५. ताई, कालपासून उन्हाळी लागलीय. दोन दिवस क्रॅनबेरी ज्यूस पिऊन बघू का?

ज्यूसवर विसंबून दिवस घालवू नका. उन्हातान्हात फिरून, पाणी कमी पडून लघवी गडद होते आणि थोडी जळजळते, हे खरं. अशी जळजळ पाणी, धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा घेतल्यावर त्याच दिवसात निवळते. पण सारखं सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ होणं किंवा उग्र वास येणं असं असेल तर तो संसर्ग असू शकतो. तिथे धने-जिरेही पुरे पडत नाहीत आणि क्रॅनबेरीही.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त, यांपैकी काहीही असेल तर *त्याच दिवशी* डॉक्टर गाठा. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याची ती लक्षणं असू शकतात. गरोदर स्त्री, मधुमेही, पुरुष आणि लहान मूल यांनी तर लक्षणं साधी असली तरी थांबू नये.

आणखी एक विनंती. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन मग तपासणीला जाऊ नका. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं), मग गोळी. सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लगेच लॅबमध्ये द्यायची. लगेच जमणार नसेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवायची. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण कुठलं औषध तुमच्या जंतूवर चालेल हे त्यातूनच कळतं. अनेक नेहमीच्या अँटिबायोटिक्सना आज ई. कोलाय दाद देत नाही. अंदाजाने घेतलेल्या गोळ्यांनी ही अडचण आणखी वाढते.

६. प्रतिबंधासाठी घ्यायचं ठरवलं तर कुठल्या स्वरूपात आणि किती?

‘वारंवार’ म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, तेही कल्चरने सिद्ध झालेला संसर्ग. तुम्ही त्यात बसत असाल तर डॉक्टरांशी बोलून कॅप्सूल किंवा पावडर घेणं मला रसापेक्षा बरं वाटतं, कारण त्यात साखर नसते. अभ्यासांत दिवसाला ३६ मिग्रॅ पीएसी हे प्रमाण बरेचदा वापरलेलं आहे. पाकिटावर ‘क्रॅनबेरी एक्स्ट्रॅक्ट’ किती मिग्रॅ हे मोठ्या अक्षरांत असतं, पण पीएसी किती ते शोधा. तो आकडाच नसेल तर आत काय मिळतंय ते कळायला मार्ग नाही.

अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये रोज ५०० मिग्रॅ क्रॅनबेरी फळाची पावडर, किंवा किमान २७ टक्के क्रॅनबेरी असलेलं २४० मिली पेय, यांनी वारंवार होणाऱ्या संसर्गाचा धोका कमी होऊ शकतो असा दावा करायला परवानगी दिली. पण त्यासोबत ‘पुरावा मर्यादित आहे’ असं स्पष्ट लिहायला लावलं.

रोज घेतली तरच उपयोग. आठवड्यातून दोनदा आठवण आली म्हणून घेण्यात अर्थ नाही. तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही तर बंद करा आणि ते पैसे तपासणीवर खर्च करा.

७. डॉक्टरांनी दिलेल्या सॅशेत डी-मॅनोज आणि पोटॅशियम सायट्रेटही आहे. ते काय करतं?

डी-मॅनोज ही एक प्रकारची साखर. जिवाणूला चिकटू न देण्याचीच कल्पना तिच्यामागेही आहे. ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज २ ग्रॅम डी-मॅनोज सहा महिने घेऊनही वारंवार होणारे संसर्ग कमी झाले नाहीत. सायट्रेटने लघवीचा आम्लपणा उतरतो आणि जळजळ थोडी शमते, पण जंतू जात नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. अशांनी असं सॅशे स्वतःहून परत परत आणू नये.

८. क्रॅनबेरीपेक्षा नुसतं पाणी जास्त प्यायलं तर?

कमी पाणी पिणारी असाल तर आधी तेच करा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या, पाळी चालू असलेल्या १४० बायका होत्या, ज्या दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेत. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. जवळजवळ निम्मा फरक, आणि तोही पाण्याने.

पण मला ठाऊक आहे की पाणी पिणं हा फक्त लक्षात ठेवण्याचा प्रश्न नाही. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये दीड तास अडकलेली मुलगी सकाळी मुद्दाम पाणी पीत नाही. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुली, स्वारगेटवरून लांबच्या एसटीत बसणाऱ्या बायका, आषाढीला पायी निघालेल्या माउल्या, सगळ्यांचं गणित एकच: स्वच्छतागृह मिळणार नाही, म्हणून पाणी नको. त्यात त्यांचा दोष नाही, सोय नसणं हा दोष आहे. तुम्ही दुकान, ऑफिस किंवा सोसायटी चालवत असाल तर कामाला येणाऱ्या बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह उघडं ठेवा. क्रॅनबेरीच्या शंभर पाकिटांनी होणार नाही इतका फरक त्याने पडेल.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, त्यांना मात्र हे लागू नाही.

९. पाळी गेल्यापासून दर दोन-तीन महिन्यांनी त्रास होतोय. क्रॅनबेरी घेऊ का?

घेऊ शकता, पण त्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. पाळी थांबल्यावर तिथलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संरक्षण करणारे जिवाणू कमी होतात आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. हे क्रीम त्या मुळावर काम करतं आणि वारंवार होणारा संसर्ग त्याने कमी होतो असा चांगला पुरावा आहे. संकोचापायी बायका हे बोलतच नाहीत आणि वर्षानुवर्षं सॅशे घेत राहतात. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा.

१०. मला डायबिटीस आहे. सुकी क्रॅनबेरी तर सुकामेवाच, ती चालेल ना?

मूठभर नाही. ४० ग्रॅम गोड सुक्या क्रॅनबेरीत २५ ते २९ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. बाजारातल्या गोड ‘ज्यूस’च्या एका ग्लासातही जवळपास तितकीच. बदाम, अक्रोडाच्या डब्यात ठेवली म्हणून ती बदामाच्या पंगतीत बसत नाही. चवीला चार-पाच दाणे ठीक. प्रतिबंधासाठीच हवी असेल तर बिनसाखरेची कॅप्सूल (प्रश्न ६).

मधुमेहींनी आणखी एक पाहावं. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. त्यात खाज, लाली, पांढरा साका असतो आणि लघवी लागली की झोंबतं. लोक त्याला लघवीचं इन्फेक्शन समजतात. क्रॅनबेरीचा बुरशीवर काही उपयोग नाही, औषध वेगळं असतं.

११. व्हिटॅमिन सी साठी खाल्ली तर?

त्यासाठी नको. १०० ग्रॅम ताज्या क्रॅनबेरीत सुमारे १४ मिग्रॅ, सुकलेलीत जवळपास शून्य. पेरूत १०० ग्रॅमला २०० मिग्रॅच्या वर, आवळ्यातही भरपूर. मंडईतून पेरू आणा.

१२. हृदय, स्मरणशक्ती, अल्सर, सगळ्यालाच चांगली म्हणतात. किती खरं?

सुरुवातीचे, छोटे, आशादायक अभ्यास आहेत, त्यापुढे अजून गोष्ट गेलेली नाही. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ४५ निरोगी पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना महिनाभर रोज ९ ग्रॅम क्रॅनबेरी पावडर देऊन पाहिली, तेव्हा रक्तवाहिन्या प्रसरण पावण्याची क्षमता सुधारलेली दिसली. त्याच वर्षी ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या अभ्यासात ५० ते ८० वयाच्या ६० जणांपैकी सुमारे निम्म्यांना १२ आठवडे पावडर दिल्यावर रोजच्या घटना आठवण्यात फरक पडला आणि एलडीएल कोलेस्टेरॉलही उतरलं. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूसाठी चीनमध्ये १८९ जणांना ९० दिवस रस किंवा रसासारखं दिसणारं दुसरं पेय दिलं. रस घेणाऱ्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांची तपासणी निगेटिव्ह आली, दुसऱ्या गटात ५ टक्क्यांची. म्हणजे ८६ टक्क्यांमध्ये जंतू राहिलाच. नेमून दिलेल्या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

पहिल्या दोन अभ्यासांत बिनसाखरेची पावडर वापरली होती हेही ध्यानात घ्या. साखरेत घोळलेले दाणे खाऊन हाच लाभ होईल असं धरू नका.

१३. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. त्यांनी खाल्ली तर चालेल?

आधी गोळीचं नाव पाहा, कारण आपण सगळ्यांनाच ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतो. वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल असेल, म्हणजे ज्यांना ठरावीक दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासावा लागतो, तर सांभाळून. हृदयाची झडप बदललेल्यांना बरेचदा यांतलीच गोळी असते. रोज क्रॅनबेरी घेतल्यावर आयएनआर वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आल्यावर २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने वॉरफरिनच्या रुग्णांना ती टाळायला सांगितलं होतं. नंतरच्या चाचण्यांत रोजच्या एका ग्लासाने मोठा फरक दिसला नाही. तरी माझा सल्ला असा: केकमधले किंवा चिवड्यातले चार दाणे खाऊ द्या, पण रोजचा रस किंवा कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका आणि चालू असेल तर अचानक बंदही करू नका. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळसर डाग दिसले तर लगेच आयएनआर करा.

नुसती कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर आयएनआरचा हा मुद्दा येत नाही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मात्र क्रॅनबेरीच्या गोळ्या आणि मोठ्या प्रमाणातला रस टाळावा, कारण या फळात सॅलिसिलिक आम्ल असतं.

१४. मला मुतखडा होऊन गेलाय. त्यालाही क्रॅनबेरी चांगली म्हणतात ना?

उलट इथे जपून. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि क्रॅनबेरीत ऑक्झलेट असतं. पाच निरोगी जणांवरच्या एका छोट्या प्रयोगात आठवडाभर क्रॅनबेरीच्या गोळ्या घेतल्यावर लघवीतलं ऑक्झलेट सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलं. रसावरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. खडा होऊन गेलेल्यांनी गोळ्या टाळाव्यात, पाणी वाढवावं आणि लिंबूपाणी घ्यावं, साखर कमी घालून.

१५. सून सहा महिन्यांची गरोदर आहे, लघवीला जळजळ होते. अँटिबायोटिक नको म्हणून क्रॅनबेरी देतोय, चालेल ना?

कृपया असं करू नका. गरोदरपणात उपचार न केलेला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. म्हणून या दिवसांत लघवीत जंतू सापडले की त्रास नसला तरी औषध देतात. गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, डॉक्टर त्यांतलं निवडतील. चवीपुरते दाणे खायला हरकत नाही, पण गरोदर स्त्रियांमध्ये प्रतिबंधाचाही फायदा दिसलेला नाही (प्रश्न ४).

१६. पाच वर्षांच्या मुलीला दोनदा इन्फेक्शन झालं. रोज ज्यूस देऊ का?

मुलांमधले आकडे चांगले आहेत (प्रश्न ४), पण निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. दोनदा संसर्ग म्हणजे सोनोग्राफी करून काही रचनेचा दोष आहे का ते पाहावं लागू शकतं. बद्धकोष्ठता आणि शाळेत लघवी दाबून ठेवणं ही मुलांमधली दोन मोठी कारणं, त्यांबद्दल मुलीशी आणि तिच्या बाईंशी बोला. गोड रस रोज दिला तर दात किडतील. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच रस नको, आणि इतक्या लहान बाळाला कारण न कळणारा ताप आला तर लघवी तपासायला विसरू नका.

१७. पुरुषांना उपयोग होतो का?

क्रॅनबेरीचा विचार नंतर, आधी कारण शोधा. पुरुषांमधला संसर्ग साधा धरत नाहीत, कारण मागे प्रोस्टेट, खडा किंवा अडथळा असू शकतो. पन्नाशीनंतर धार बारीक झाली, रात्री चार वेळा उठावं लागतं, तर यूरोलॉजिस्टना दाखवा.

१८. उपवासाला चालते का?

फळ आहे, साखर आहे, सूर्यफूल तेलाचा हात असतो. तुमच्या घरी उपवासाला सूर्यफूल तेल चालत नसेल तर नको.

१९. आजी अंथरुणाला खिळून आहे, कॅथेटर लावलाय. लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू येतात. क्रॅनबेरी सुरू करू का?

कॅथेटर बरेच दिवस असला की लघवीत जंतू सापडणं जवळजवळ ठरलेलंच. ताप, थंडी, अचानक बरळणं किंवा गुंगी, पोटात दुखणं असं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवरून उपचार करत नाहीत, आणि कायमच्या कॅथेटरमध्ये क्रॅनबेरीने फायदा होतो असं दिसलेलं नाही. त्याऐवजी हे पाहा: पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. नळी कुठे मुडपलेली नको. हात धुतल्याशिवाय जोडाला हात लावू नका आणि जोड विनाकारण उघडू नका. दर वेळी डॉक्टर किंवा नर्स घरी आले की एक प्रश्न आवर्जून विचारा: कॅथेटर अजून ठेवायची गरज आहे का?